तुम्ही विचारले म्हणून: उपग्रह वर गेले, मग खाली इतकी वर्षे कशासाठी?

लातूरला गेलो की मामा विचारतात, चुलतभाऊ विचारतो, आणि रोव्हर (उपग्रहांच्या संकेतांवरून जागा मोजणारे हातातले यंत्र) घेऊन शेतांची मोजणी करणारा माझा शाळासोबती तर हमखास विचारतो: दिशादर्शनाचे उपग्रह केव्हाच सुटले, मोबाइलवर नकाशाही दिसतो, मग त्यांना सांभाळणारे जमिनीवरचे एक सॉफ्टवेअर बदलायला तुम्हाला एवढी वर्षे का लागतात? आजवर मी हसून वेळ मारून नेली. आता नीट उत्तर देतो. संस्थेचे नाव सांगण्यास मला बंधन आहे.

आपण कुठे आहोत हे उपग्रहाला स्वतःहून कळत नाही. खालची केंद्रे त्याचे अंतर सतत मोजतात, त्यावरून पुढच्या काही तासांची कक्षा आणि घड्याळाची चूक यांचा अंदाज बांधून तो वर पाठवतात, आणि उपग्रह तोच अंदाज सर्वांना ऐकवतो. अंतर संकेताला लागलेल्या वेळेवरून काढतात, म्हणून घड्याळात एका नॅनोसेकंदाची, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाची, चूक म्हणजे अंतरात 30 सेंटिमीटरची चूक. 26 जानेवारी 2016 रोजी जीपीएसचा एक जुना उपग्रह सेवेतून काढताना खालच्या सॉफ्टवेअरमधून जीपीएसची वेळ जागतिक वेळेशी जुळवणारी दुरुस्ती चुकीची वर गेली. चूक फक्त 13 मायक्रोसेकंदांची होती, जागा काढताना ती दुरुस्ती लागत नाही म्हणून नकाशे ठीक चालले, पण त्या वेळेवर विसंबलेली दूरसंचार यंत्रे गडबडली. जुलै 2019 मध्ये युरोपची गॅलिलिओ ही दिशादर्शन सेवा जवळपास आठवडाभर बंद पडली, तेव्हाही उपग्रह धडधाकट होते, बिघाड जमिनीवर होता. जीपीएसच्या नव्या नियंत्रण सॉफ्टवेअरचा करार 2010 साली झाला, आणि 2016 पर्यंत त्याचा खर्च इतका वाढला की अमेरिकेच्या संसदेला कायद्याने कळवावे लागले. मी ही उदाहरणे ढाल म्हणून पुढे करतो, असे तुम्ही म्हणाल. थोडेफार तसे आहेही.

पण मला सांगायचे आहे ते वेगळेच. आमचे जुने आणि नवे सॉफ्टवेअर बरेच महिने शेजारी शेजारी चालत होते. मोजमापे तीच, उत्तरे जवळपास तीच. मग काही उपग्रह पृथ्वीच्या सावलीतून जाण्याचे दिवस आले. हे दिवस वर्षातून दोनदा येतात. सूर्यप्रकाशाचा उपग्रहावर सूक्ष्म दाब असतो. सावलीत तो अचानक थांबतो, बाहेर येताच पुन्हा सुरू होतो, आणि त्याच काळात घड्याळाचे तापमानही हलते. एका उपग्रहाच्या बाबतीत दोन्ही सॉफ्टवेअरचे अंदाज एकमेकांपासून दूर जाऊ लागले. बदलाची तारीख ठरलेली होती, वरिष्ठांनी वर शब्द दिलेला होता. फरक ठरवून दिलेल्या मर्यादेच्या आत होता, पण दर फेरीला तो त्याच दिशेने वाढत होता, म्हणून मी सही करण्यास नकार दिला. बैठकीत मला सर्वांसमोर विचारले गेले, ‘इतक्या माणसांचे काम तुमच्या शंकेपायी थांबवायचे का?’ शोध घेतल्यावर जुन्या प्रोग्राममध्ये त्याच उपग्रहासाठी प्रकाशदाबाचा आकडा कोणीतरी हाताने बदललेला सापडला. कारणाची नोंद कुठेही नव्हती आणि तो विभाग सांभाळणारे गृहस्थ हयात नव्हते. तो आकडा नव्यात घेऊन तपासायचा तर पुन्हा सावलीच लागते, आणि ती मागवून येत नाही. आम्ही सहा महिने थांबलो.

नोकरीला लागलो तेव्हा मीही तुमच्यासारखाच म्हणत असे की कक्षेचे गणित केप्लरपासून ठाऊक आहे, मग दोन वर्षांत नवे लिहून का होऊ नये? त्या मुलाला मी आज एवढेच म्हणेन की गणित कुठे अडत नाही. अडतो तो कोणी, कशासाठी बदलला हे कळत नसलेला आकडा. त्यावर तो विचारील, मग आकडा घेतल्यावर फरक मिटला, थांबून मिळवलेस काय? फरक मिटला हे खरे आहे. वरिष्ठ आजही म्हणतात की न थांबताही काही बिघडले नसते, आणि ते चूक आहेत हे मला सिद्ध करता येत नाही. तो आकडा कायम ठेवावा की कारण सापडेपर्यंत संशयित मानावा, यावर आमच्यात दोन तट आहेत, आणि मी दुसऱ्या तटात आहे. सध्या तो नव्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. शेजारी मी कारण अज्ञात असल्याची नोंद करून ठेवली आहे, आणि दर सावलीच्या काळात त्या उपग्रहाची फेरतपासणी करतो.