सासरचा लोहार आणि त्याची बायको

मॉन्ट्रियल ते त्र्वा-रिव्हियेर, हायवे ४० ने दीडेक तास. रस्ता सपाट, कंटाळवाणा, हॉटेलातला ब्रेकफास्ट त्याहून वाईट, त्यामुळे ते सोडून देते.

नवरा कॅनडातल्या क्वेबेकचा. त्यांच्या घरात पिढ्यानपिढ्या बोललं जातं की आपला एक पूर्वज फ्रेंच राजवटीत लोहार होता. सासूबाईंना तो एकदा कागदावर बघायचा होता, म्हणून निघालो. तिकडे चर्चचे पाद्री बाप्तिस्मा, लग्न, दफन सगळं नोंदवायचे, तेही दोन प्रतींत, एक चर्चला आणि एक सरकारला. त्यामुळे मागेमागे जाणं आपल्यापेक्षा खूप सोपं. पण या नोंदींत माणूस भेटत नाही, नुसत्या तारखा भेटतात. माणूस भेटतो नोटरीच्या, म्हणजे लोकांचे करार आणि याद्या लिहून ठेवणाऱ्याच्या, कागदांत.

त्र्वा-रिव्हियेरच्या अर्काइव्हमधल्या, म्हणजे जुनी कागदपत्रं जपणाऱ्या कचेरीतल्या, बाईंनी ते वळणदार अक्षर बोट ठेवून वाचून दाखवलं. घरातलं कुणी गेलं की नोटरी यायचा, सोबत गावातले दोन जाणते, आणि घरातली एकेक वस्तू किंमत लावून लिहायचे. आमच्या लोहाराची ऐरण, भाता, घण, सांडश्या, तोललेलं जुनं लोखंड, मग एक गाय, मग फाटकी पांघरुणं. 'फाटकी' असंच लिहिलंय. आणि ही यादी करून घेणारी त्याची बायको, तिचं नाव तिच्या माहेरच्या आडनावासकट, खाली लिहिलेलं की सही करता येत नाही.

मी तिथेच अडकले. नवरा ऐरणीची किंमत बघत होता आणि मी तिचं नाव परत परत वाचत होते. लिहिता न येणारी बाई, पण तेव्हा तिथे चालणाऱ्या पॅरिसच्या कायद्याने नवराबायकोच्या सामाईक मिळकतीतला अर्धा वाटा तिचा, म्हणजे त्या ऐरणीतसुद्धा, आणि कागदावर ती मरेपर्यंत स्वतःच्याच नावाने. आमच्या घरची वंशावळ मी बघितलीये, त्र्यंबकेश्वरच्या गुरुजींच्या वहीतून उतरवून आणलेली, त्यात माझ्या पणजीचं माहेर कुठेच नाही. तिचं लग्नाआधीचं नाव आज घरात एकालाही माहीत नाही. मला याचा राग येतो, खरंच येतो.

दुसऱ्या दिवशी शहराबाहेर सँ-मोरीसचा जुना लोखंडाचा कारखाना बघितला. १७३० मधे फ्रान्सच्या राजाने परवानगी दिली, १७३८ मधे भट्टी पेटली, आणि इंग्रज आले तरी १८८३ पर्यंत काम चालू. आसपासच्या दलदलीतलं खनिज, जंगलातल्या लाकडाचा कोळसा, भाते आणि घण चालवायला ओढ्याचं पाणी. त्याआधी गावच्या लोहाराला लोखंड जहाजाने फ्रान्सहून यायची वाट बघावी लागायची, मग जुना खिळा आणि मोडकी कुऱ्हाडसुद्धा तोलून का ठेवलेली ते तिथे उभं राहिल्यावर कळलं. जागा सुंदर, गर्दी नाही, डास मात्र प्रचंड.

संध्याकाळी सासूबाईंना फोनवर यादी वाचून दाखवली. त्या ऐरणीवर काहीच बोलल्या नाहीत, लगेच विचारलं, ती बाई कुठल्या गावची? आता तिचा लग्नाचा करार शोधतोय, तोही नोटरीकडेच व्हायचा. तुमचं कुणी क्वेबेकमधे शोधत असेल तर सरळ बाईच्या नावाने शोधा. पुरुषांची आडनावं तिकडे बदलायची, सैन्यातलं टोपणनाव चिकटायचं, कधी मुलं तेच लावायची. तिचं नाव लग्नानंतरही जागेवर राहतं.