न कण्हणारी तार

भाऊबीज झाली की पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत मंडईचे, म्हणजे गावजत्रेचे आणि रातभर नाटकांचे दिवस. धान निघालेल्या बांधीत मंडप पडतो आणि भर दुपारी, पडदे लागायच्या आधी, स्टेजपासून मिक्सरपर्यंत एक तार लोळत असते. पेन्सिलीएवढी, कॉम्प्युटरच्या नेटवर्कला असते तसली. याच जागी पूर्वी इंची पाइपासारखी स्नेक केबल असायची, एका आवरणात सगळ्या माइकच्या तारा, दोघांनी उचलायची, तरी 24 चॅनेल. एईएस-50 वर, म्हणजे आवाज डिजिटल करून पाठवायच्या पद्धतीवर, ही काडीपैलवान दोन्हीकडून 48-48 नेते.

जुनीचा एक गुण मात्र होता. जायच्या आधी ती कण्हायची. खरखर, घुंईं. जॅक हलवून ऑपरेटर अंक ओढून न्यायचा. ही कण्हत नाही. स्वच्छ, स्वच्छ, आणि एकदम चिडीचूप. नायिका रडतेय, ओठ तेवढे हलताहेत.

तालुक्याच्या दुकानात असल्या तारेचं 305 मीटरचं खोकं स्वस्त मिळतं. एक पदर सोलून ब्लेडनं खरवडावा. आत पांढरं निघालं तर ते तांबं चढवलेलं ॲल्युमिनियम; खोकं हाताला हलकंही लागतं. अस्सल तांबं असलं तरी खोक्यातली एकसंध तार भिंतीत बसून राहणारी. रोज गुंडाळली की आतल्या आत तुटते. मंडपाला बारीक तारांच्या पदराची मऊ केबल हवी, शिल्डवाली, म्हणजे आत धातूचं वेष्टन असलेली, आणि शिल्ड दोन्ही टोकांच्या धातूच्या कनेक्टरला टेकलेली. नाहीतर थंडीत कुणाच्या तरी शालीतली ठिणगी आवाज घालवते. केबलच्या प्रतींपैकी कॅट-5ई पुरे. कॅट-7 नं तबला गोड वाजत नाही. लांबीची हद्द 100 मीटर, पण मऊ तारेला सत्तरच्या आसपास थांबलेलं बरं.

खरा घोळ क्रिम्पिंगचा, म्हणजे टोकाला कनेक्टर दाबून बसवण्याचा. पदरांचा क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्याच्या मध्ये निळी जोडी कशाला, म्हणून कुणी रंग जोडीजोडीनं लावतो. टेस्टरचे आठही दिवे लागतात! पण कनेक्टरच्या 3 आणि 6 नंबरच्या पिनांची पिळलेली जोडी फुटलेली असते. हातभर तारेवर चालतं, पन्नास मीटरवर मार खातं. पीळही 13 मिलिमीटरपेक्षा जास्त उकलू नये.

इतकं सांभाळून पहाटे नाटक सुटतं आणि पेंगुळलेली पोरं तीच तार कोपराभोवती गुंडाळतात, बैलाचं दावं गुंडाळावं तशी. प्रत्येक वेढ्याला पीळ. एक वेढा सरळ, एक उलटा, एवढंच करायचं असतं. म्हणून पेटीत दुसरी तार ठेवावीच लागते. तीही कोपरावरच गुंडाळलेली असते.