तुम्ही विचारलंत म्हणून: बाबांना नायगारा का दाखवला नाही

इथे न्यूयॉर्क राज्यात वॉपिंजर्स फॉल्सच्या देवळात प्रसादाच्या रांगेत, महाडला आमच्या आळीत, मावशीच्या फोनवर, आणि परवा तर डेंटिस्टकडे शेजारी बसलेल्या, पहिल्यांदाच भेटलेल्या एका मराठी बाईंकडूनही तोच प्रश्न. "आईबाबा एवढा उन्हाळा राहून गेले आणि नायगारा नाही दाखवलात? मग दाखवलंत काय?" मी म्हणते, पूल दाखवला. यावरचा पुढचा प्रश्न जरा आवाज उतरवून येतो. "पण त्यांना पुलाची भीती वाटते ना हो? मग पुलावरच कशाला नेलंत?"

भाऊ तेवढाही आवाज उतरवत नाही. तो म्हणतो, "तू बाबांना छळलंस."

दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे. ते उभ्या उभ्या देता येत नाही, आणि दिलं तर समोरचा मध्येच "हो का, अरेरे" करतो आणि माझं डोकं फिरतं. म्हणून हे बसून लिहिते आहे.

आधी नकाशा बघा. आम्ही हडसन नदीच्या पूर्वेला राहतो, नायगारा पश्चिमेला. मध्ये नदी, म्हणजे पूल आलाच. बाबांनी एस.टी.त ड्रायव्हर म्हणून जन्म काढला. त्या काळात महाडजवळच्या सावित्री नदीवरच्या जुन्या पुलावरून किती वेळा गाडी नेली असेल याचा हिशेब कुणाकडे नाही. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री तो पूल, १९२८चा, दगडी कमानींचा, महाबळेश्वरच्या पावसाने फुगलेल्या नदीत गेला, आणि त्याच्याबरोबर जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एस.टी. आणि आणखी एक गाडी गेली. बाबा तेव्हा रिटायर होऊन घरी होते. महाडकरांना पुढचं सांगायला नको. बाकीच्यांना सांगून उपयोग नाही.

तेव्हापासून ते पुलावर गाडीत बसले की गप्प होतात. इथे तर आणखीच पंचाईत झाली. अमेरिकेत ड्रायव्हर डावीकडे, शेजारचा उजवीकडे. म्हणजे बाबा ज्या बाजूला सगळा जन्म बसले त्याच बाजूला बसलेले, पण समोर ना स्टिअरिंग, ना ब्रेक. पूल आला की त्यांचा उजवा पाय फ्लोअरमॅटवर रुतायचा. नायगाऱ्याला आम्ही निघालोही होतो, हे कुणी विचारतच नाही. बीकनहून न्यूबर्गला जाणारा मोठा पूल लागला. मध्यावर आल्यावर बाबा नवऱ्याला म्हणाले, "जावईबापू, गाडी बाजूला घ्या." तिथे गाडी बाजूला घेता येत नाही. पलीकडे पहिल्याच पेट्रोल पंपावर थांबलो. मग घरी परत यायला पुन्हा तोच नदीचा पाट, आणि टोल याच बाजूला येताना लागतो, तोही भरला. हॉटेलचे पैसे बुडाले. आई दोन दिवस बोलली नाही. नायगाऱ्याचं उत्तर इथे संपलं.

आता पुलाचं. त्यानंतरच्या आठवड्यात बाबाच म्हणाले, "इथे चालत जाता येईल असा पूल आहे काय?" हे वाक्य त्यांचं आहे. भावाने नीट वाचावं, म्हणून पुन्हा लिहिते: त्यांचं. गाडी दुसऱ्याच्या हातात असते. पाय आपले असतात, थांबता येतं, मागे फिरता येतं. एवढं तर्कशुद्ध बोलणारा माणूस छळला गेला असं तुम्हाला वाटत असेल तर तुम्ही बाबांना ओळखत नाही.

आणि तसा पूल आमच्यापासून अर्ध्या तासावर आहे. पोकिप्सीचा जुना रेल्वेपूल. १८८९च्या पहिल्या दिवशी सुरू झालेला, दोन किलोमीटरांहून थोडा लांब, पाण्यापासून २१२ फूट उंच. मी बाबांना इतिहास आदल्या रात्री सांगितला, कारण न सांगता नेलं असतं तर तो खरा छळ झाला असता. ते मन लावून ऐकत होते. गाड्या जड होत गेल्या तसं १९०६-०७च्या सुमारास मधोमध आणखी पोलाद घालून पूल मजबूत केला, हे ऐकून म्हणाले, "म्हणजे कुणी तरी बघत होतं." मग ८ मे १९७४ची आग. रुळांखालचे लाकडी स्लीपर पेटले. पुलावर आग विझवायला पाण्याची लाइन होती, ती नादुरुस्त. त्या दिवसानंतर तिथून गाडी गेली नाही. मालक कंपनी आधीच दिवाळखोर. पुढे १९८४मध्ये सबंध पूल एका डॉलरला विकला गेला. बाबा हसले. "इथेही तसंच म्हणायचं." मी म्हटलं, पण पुढे गावातल्या लोकांनी संस्था काढली, वर्षानुवर्षं पैसे जमवले, सरकारला गळ घातली, आणि ३ ऑक्टोबर २००९ला चालणाऱ्यांसाठी तो उघडला. त्यावर ते काही बोलले नाहीत.

(इथे कुणी तरी म्हणणारच की अमेरिकेत बघा कशी निगा ठेवतात. मिनियापोलिसचा हायवेवरचा पूल १ ऑगस्ट २००७ला भर संध्याकाळच्या रहदारीत नदीत कोसळला. तो १९६७चा होता. ब्रिटिशांचा नव्हता आणि जुनाही नव्हता.)

ऑक्टोबरचा रविवार होता, झाडं लाल-पिवळी झालेली, म्हणजे अख्खं न्यूयॉर्क तिथे लोटलेलं. आम्ही पोकिप्सीच्या बाजूने चढलो: मी, नवरा, लेक, आई, बाबा. सुरुवातीला पूल शहराच्या वरूनच जातो. खाली घरांची छपरं, कुणाच्या परसातलं वाळत घातलेलं धुणं, मग रेल्वेचे रूळ. बाबा ठीक होते. फक्त बरोब्बर मधून चालत होते, कठड्यापासून दोन्हीकडे सारखं अंतर ठेवून, जिथून रूळ जायचे तिथून. सायकलवाले घंट्या वाजवायचे, ते हलायचे नाहीत. माझी लेक त्यांचं बोट धरून तिच्या मराठी-इंग्रजी खिचडीत काही तरी सांगत होती आणि ते "होय काय, होय काय" करत होते. पाणी सुरू झालं तरी चाल बदलली नाही. मला वाटलं, झालं. हे आता लिहिताना बरं वाटत नाही, पण तेव्हा मी मनातल्या मनात भावाला फोन लावलाही होता.

मध्याच्या थोडं पुढे दोन स्लॅबमधला जॉइंट येतो, लोखंडी पट्टीचा. तिथे बाबा थांबले. बुटाचं टोक पट्टीवर ठेवून उभे. पलीकडून पळणाऱ्यांचा एक घोळका आला, चांगला वीस-पंचवीस जणांचा, एका ठेक्यात पावलं टाकत, आणि पायाखाली बारीक थरथर आली. ती मलाही जाणवली. मी म्हटलं, "बाबा, पूल हलायलाच हवा, तसाच बांधतात." ते म्हणाले, "मला सांगतेस?" आणि पहिल्यांदाच कठड्याकडे गेले.

खाली पाण्यात एक ओंडका चालला होता. पानांसकट फांद्या असलेला, मोठा. बाबा त्याच्याकडे बघत राहिले. मी पण बघितलं आणि मला काहीच दिसलं नाही, म्हणजे ओंडका दिसला. लेकीने विचारलं, "आजोबा, बोट आहे?" त्यांनी उत्तर दिलं नाही. मग म्हणाले, "समुद्र कुठल्या बाजूला?" नवऱ्याने डावीकडे, न्यूयॉर्ककडे हात केला. ओंडका उजवीकडे चालला होता.

मला ते माहीत होतं. हडसन खाऱ्या पाण्याशी बांधलेली आहे, भरती थेट वर ट्रॉय गावापर्यंत चढते, समुद्रापासून दीडशे मैल. इथल्या शाळेत मुलांना शिकवतात. पण मी ते कधी नजरेने पाहिलं नव्हतं. सावित्री समुद्राला मिळते त्या बाणकोटच्या खाडीतून भरती चढताना बघत वाढलेल्या माणसाला ते एका ओंडक्यावरून कळलं.

"आता इथे काही पडलं," बाबा म्हणाले, "तर ते खाली नाही जायचं. वर जाईल." मग बराच वेळ काही नाही. मग: "तास धरून शोधावं लागतं. आत्ता वर, सहा तासांनी खाली."

सावित्रीचा पूल पडला त्या ऑगस्टमध्ये ते रोज नदीवर जायचे, हे आईने मला फोनवर सांगितलं होतं. नौदल, कोस्ट गार्ड, एनडीआरएफ, सगळे शोधत होते, दासगाव, आंबेत, पार समुद्रापर्यंत. बाबा काठावर उभे राहायचे आणि जेवायला घरी यायचे. मी समजले होते की बघे असतात तसे तेही. ते भरतीचं वेळापत्रक मांडत होते हे मला इतक्या वर्षांनी, इथे, आइस्क्रीम खाणाऱ्या लोकांच्या गर्दीत कळलं. कोणी त्यांना विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तरी त्या पुरात भरतीचा काय उपयोग होता, मला माहीत नाही.

मग ते खाली बसले. बाकावर नाही, काँक्रीटवर, जॉइंटच्या शेजारी, मांडी घालून. बूट काढले. बूट का काढले हे मला आजही कळत नाही. पुलावर मदतीला असणारा एक स्वयंसेवक आजोबा धावत आला, पाणी हवं का, कुणाला बोलावू का. बाबा त्याला "नो, नो, थँक्यू" म्हणाले, अगदी व्यवस्थित. आईचा पारा चढला. "अहो, उठा, लोक बघतायत," असं ती तीनदा म्हणाली आणि चौथ्यांदा नातीचा हात धरून पुढे चालायला लागली. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, तोही गेला.

आम्ही दोघं किती वेळ बसलो ते घड्याळात पाहिलं नाही. खालून काठाने रेल्वेगाडी गेली तेव्हा त्यांनी मान वळवून डबे मोजले. "आठ," म्हणाले. मी "चला ना बाबा, पलीकडचं टोक जवळ आहे" असं म्हटलं, आणि ते खरंच जवळ होतं. ते म्हणाले, "आलो ती बाजू मला ठाऊक आहे." आणि आम्ही लांबच्या टोकाकडे परत चालत गेलो. तेही मधोमध. पलीकडे हायलंडच्या बाजूला आईने लेकीला आइस्क्रीम घेऊन दिलं, स्वतःही खाल्लं, आणि सगळे परत आले ते लाल गालांनी, खुशीत. आईने दोन्ही वेळा पूल पार केला. तिला कुणी कधी विचारलं नाही, कसा वाटला म्हणून. मीही नाही.

ही घटना मी भावाला सांगितली ती एवढीच: "बाबा मध्यावरून परत आले." त्यातून त्याने छळ काढला. मावशीने उलट काढलं, "म्हणजे निम्मी भीती गेली म्हण की." देवळातल्या काकूंना मी ओंडक्याचं सांगितलं तर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या म्हणाल्या, "मोकळे झाले ग ते." नाही झाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा न्यूबर्गच्या पुलाचा विषय निघाला तर उठून आत गेले. आणि बिघडलेही नाहीत, रात्री वरणभात नेहमीएवढाच खाल्ला, आणि झोपण्याआधी मला विचारलं, "त्या खांबांच्या बुडाशी काय आहे?" मी शोधून सांगितलं: नदीच्या तळाशी लाकडाच्या अजस्र पेट्या उतरवल्या, त्यात काँक्रीट भरलं, वर दगडी खांब, वर पोलाद. "लाकूड? पाण्यात?" पाण्याखाली हवा न लागता लाकूड टिकतं, म्हटलं. "कोण उतरतं बघायला?" पाणबुडे, म्हटलं. "किती वर्षांनी?" ते मला सापडलं नाही. ते समाधानी झाले नाहीत.

माझं स्वतःशीही यावर जमत नाही. २०१६मध्ये याच भावाशी मी फोनवर तावातावाने भांडले होते, ब्रिटिशांचे सगळे पूल सुरुंग लावून पाडा म्हणून. सावित्रीवर १६५ दिवसांत नवा पूल उभा राहिला तेव्हा मला फार आनंद झाला होता. आणि आता मी सावित्रीच्या पुलाहूनही जुन्या पुलावर रविवारी फिरायला जाते आणि पाहुण्यांना हौसेने नेते. ती तेव्हाची मी मला विचारते, तुझं तिथलं कुणी बुडालं नाही म्हणून तुला जुन्याचं कौतुक, होय ना? मी तिला म्हणते, या पुलाचं आयुष्य वाढलं ते त्याच्यावरचं ओझं काढून घेतलं म्हणून, गाड्या गेल्या आणि माणसं आली. ती म्हणते, सावित्रीला कुणी असं रिटायर केलं असतं? तिथून बोरिवलीला काय चालत जायचं होतं? यापुढे मला बोलता येत नाही.

आणि हेही लिहूनच टाकते. बाबांनी विचारलं होतं हे खरं, पण त्यांनी "असा पूल आहे काय" एवढंच विचारलं होतं. "न्या" म्हटलं नव्हतं. मला त्यांना पलीकडे गेलेलं बघायचं होतं. त्यांच्यासाठी किती आणि माझ्यासाठी किती, ते मला वेगळं काढता येत नाही, आणि खरं सांगायचं तर काढायचंही नाही.

येत्या सप्टेंबरात ते पुन्हा येतायत. पाऊस सरल्यावरच निघणार म्हणतात. आई या वेळी ऐकणार नाही, नायगारा हवाच. नवऱ्याने परवा एकदम तोडगा काढल्यासारखं सांगितलं की विमानाने जाऊ या, बफेलोला. मग तो नकाशा घेऊन बसला. जेएफकेला जायचं तर पूल, नेवार्कला जायचं तर पूल, ऑल्बनीचा विमानतळही नदीच्या पलीकडे. अजून शोधतो आहे.