मॅडमचा एच-इंडेक्स नक्की किती?

मी कॉलेजच्या लायब्ररीत आहे, पण कॅसच्या, म्हणजे प्राध्यापकांच्या बढतीच्या, फायली सुरू झाल्या की अर्धा दिवस स्कोपससारख्या पेपरांच्या डेटाबेसमधून त्यांची सायटेशन्स (त्यांच्या पेपरचा इतरांनी किती वेळा संदर्भ दिला ते) काढण्यातच जातो. त्या दिवशी मॉलिक्युलर बायोलॉजीच्या एक मॅडम आल्या, फाईल दुसऱ्या दिवशी द्यायची आणि चेहरा पडलेला. म्हणाल्या, "अगं, स्कोपसवर माझा एच-इंडेक्स सातच दाखवतंय, माझी पीएचडीची कामं गेली कुठं?"

कुठं जाणार, माहेरी! लग्नाआधीचे पेपर जुन्या आडनावावर, नंतरचे नव्या, आणि मधलं इनिशियलही वडिलांचं जाऊन नवऱ्याचं आलेलं, त्यामुळे स्कोपसच्या लेखी त्या दोन वेगवेगळ्या बाया. जुन्या प्रोफाईलला एच-इंडेक्स सहा. मॅडम खूश, "म्हणजे सहा नि सात तेरा!" पण तसं नसतं ना. 2005 मध्ये हिर्श नावाच्या फिजिक्सवाल्याने हे माप काढलं, त्यात एच-इंडेक्स नऊ यायला किमान नऊ सायटेशन्स असलेले नऊ पेपर लागतात. दोन्ही प्रोफाईलचे सगळे पेपर सायटेशन्सच्या उतरत्या क्रमाने कागदावर मांडले, नववा होता नऊ सायटेशन्सचा आणि दहावा आठचा. म्हणजे नऊ. गुगल स्कॉलर बारा म्हणत होतं, कारण ते थिसिस, प्रीप्रिंट काय वाट्टेल ते मोजतं.

नव्या प्रोफाईलमध्ये उसावरचा एक पेपरही घुसलेला, आडनाव आणि इनिशियल तेच, माणूस दुसराच. मॅडम लगेच म्हणाल्या काढून टाक. तो आम्ही मांडणीत धरलाच नव्हता.

खरी गंमत मात्र यादीच्या पहिल्या ओळीत होती. ज्या जीनवर मॅडमनी उमेदीची वर्षं घातली त्या पेपरला अकरा सायटेशन्स, आणि सगळ्यात वर 140 घेऊन बसलेला कोण, तर कोकमाच्या पानातून डीएनए काढायचा चार पानी प्रोटोकॉल! मॅडम हसून म्हणाल्या, "तो तर गाईड नको म्हणत असताना पाठवलेला." कोकमाची पानं कुटली की चिकट बुळबुळीत लगदा होतो, पॉलिफेनॉलने सगळं तपकिरी पडतं, त्यावर त्यांनी सीटॅब बफरमध्ये (डीएनए काढायच्या द्रावणात) मीठ आणि पॉलिफेनॉल धरून ठेवणारं पीव्हीपी वाढवून उपाय काढलेला. चिकट पानांचं काम करणारा प्रत्येकजण तो वापरतो नि सायटेशन देतो.

मी त्यांना लॉरी नावाच्या बायोकेमिस्टचं सांगितलं. प्रोटीन मोजायच्या पद्धतीवरचा त्याचा 1951 चा पेपर, 2014 च्या मोजणीत तीन लाखांवर सायटेशन्स, जगात पहिला नंबर, आणि डीएनएच्या दुहेरी सर्पिलाचा 1953 चा पेपर पहिल्या शंभरातसुद्धा नाही! खुद्द लॉरीलाही तो पेपर काही थोर वाटत नव्हता म्हणे.

प्रोफाईल जोडायची रिक्वेस्ट टाकली, ऑर्किड (ORCID) नंबरही काढून दिला (संशोधकाचा कायमचा ओळख-नंबर, आडनाव बदललं तरी तोच; तो पीएचडीला लागल्या लागल्याच काढावा, मुलींनी तर नक्कीच). पण जोडणी एका रात्रीत थोडीच होते, म्हणून फाईलला दोन्ही प्रोफाईलचे प्रिंटआऊट आणि हाताने मांडलेला तो कागद लावला.

इंटरव्ह्यूत तो कागद कुणी उलटूनही पाहिला नाही म्हणे. पॅनलवरच्या एका सरांकडे खारफुटीची पानं होती, त्यांना बफरमध्ये मीठ किती घालायचं ते हवं होतं, आणि मॅडमचा बराचसा वेळ तेच समजावण्यात गेला. प्रमोशनचं पत्र अजून यायचंय.