तुम्ही विचारलंत म्हणून: कागदावरच्या जाड रंगाच्या तैलचित्राला काच लावावी का?

नाइफने (रंग लावायच्या बोथट सुरीने) जाडसर रंग देऊन कागदावर केलेल्या तैलचित्राला काच लावावी की कॅनव्हासप्रमाणे उघडे ठेवावे, हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो. नाशिकमध्ये शिवाजी तुपे यांच्यासारख्या निसर्गचित्रकारांमुळे गोदाघाटाची जलरंगातली चित्रे घरोघरी पोहोचली आणि कागदाला माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) व काच लावण्यात इथल्या फ्रेमवाल्यांचा हात बसला. कॅनव्हासला काच नको, हेही त्यांना ठाऊक असते. कागदावरचे तैलचित्र मात्र या दोन्हींत बसत नाही.

माझे मत काच लावावी असेच आहे, कारण रंगाच्या उंचवट्यांमध्ये बसलेली धूळ ओल्या फडक्याने पुसता येत नाही आणि कागदाच्या कडा उघड्यावर लवकर खराब होतात. अट एकच: काच रंगाला कुठेही टेकता कामा नये. तैलरंग पाणी उडून वाळत नाही, तर तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते. त्यामुळे जाड थरावर साय धरली तरी आतला रंग कित्येक महिने मऊ असू शकतो. असा रंग एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात काचेला चिकटला, तर पुढे फ्रेम उघडताना त्याचा पापुद्रा काचेबरोबरच निघतो. म्हणून आधी चित्र पुरते वाळू द्यावे, मग ते आडवे ठेवून बाजूने उजेड पाडावा, सर्वांत उंच फटकारा शोधावा आणि त्याच्याही वर तीन-चार मिलिमीटर मोकळी जागा राहील, अशा बेताने माउंटखाली फोमबोर्डच्या (हलक्या, फेसाळ गाभ्याच्या पुठ्ठ्याच्या) पट्ट्या द्यायला सांगाव्यात. नुसत्या एका माउंटची जाडी जेमतेम दीड मिलिमीटर असते, तेवढ्याने भागत नाही. काच आणि चित्र ज्यात बसते ती फ्रेमच्या पट्टीची खाचही तितकी खोल हवी, हे दुकानात आधीच पाहून घ्यावे.

चित्र पाठीमागून पूर्ण चिकटवू देऊ नये. पावसाळ्यात कागद फुगतो, हिवाळ्यात आकसतो, आणि चारी बाजूंनी जखडला की त्याला लाटा पडतात. वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन-तीन बिजागऱ्या लावून चित्र टांगते ठेवावे. त्यांना गव्हाच्या चिकाची खळ उत्तम. कुरडयांसाठी काढतो तोच चीक, फक्त मीठ न घालता शिजवलेला. सेलोटेप नको, त्याचा गोंद कालांतराने पिवळा पडून कागदात उतरतो. गरम प्रेसने बोर्डवर चिकटवून देण्याची तयारी कुणी दाखवली, तर स्पष्ट नकार द्यावा, कारण त्या दाबाखाली सगळे उंचवटे सपाट होतील.

काच मुळीच नको असेल, तर पुढच्या चित्राच्या वेळी जाड कागद आधीच बोर्डवर चिकटवून, त्यावर गेसोचे (रंगाआधी द्यायच्या पांढऱ्या अस्तराचे) दोन हात देऊन मग रंगवावे. गेसो नसेल तर तेल कागदात मुरते आणि तो वर्षानुवर्षांत ठिसूळ होत जातो.

फ्रेम टांगताना खालच्या दोन कोपऱ्यांना मागून रबराची बटणे लावावीत, म्हणजे पावसाळ्यात ओल धरणारी भिंत आणि चित्राची पाठ यांच्यामध्ये हवा खेळती राहते.