द्राक्षाला फूल येतं का?

फेब्रुवारीत आमच्या दिंडोरीकडच्या बागेत द्राक्षं खायला आलेले पाहुणे हमखास विचारतात, "द्राक्षाला फूल येतं का हो? कधी बघितलं नाही." परवा तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

येतं, पण तुम्ही येता तोवर ते कधीच होऊन गेलेलं असतं. सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, झाली की काडीवरचे डोळे फुटतात, कोवळ्या फुटीसोबत घड बाहेर पडतो आणि छाटणीपासून साधारण पस्तीस-चाळीस दिवसांनी बाग फुलोऱ्यात येते. कळी हिरवी, बाजरीच्या दाण्याएवढी. पाकळ्या पाच, पण शेंड्याशी एकमेकींना चिकटलेल्या. त्यामुळे हे फूल वरून उमलतच नाही. पाकळ्या खालून सुटतात आणि सगळ्या मिळून टोपीसारख्या निघून येतात. टोपी पडली की पाच पुंकेसर ताठ उभे राहतात आणि मधे इवलासा हिरवा मणी दिसतो, तोच पुढे द्राक्ष होतो. घडाला हलकी टिचकी मारा, वाळक्या टोप्यांचा भुसा तळहातावर पडतो. सकाळी ओळीत शिरलं की मंद गोडसर वास येतो. मला मोगऱ्यापेक्षा तो वास प्रिय आहे.

थॉम्पसन या बिनबियांच्या जातीच्या एकाच फुलात नर-मादी दोन्ही भाग असतात, त्यामुळे मधमाशीवाचून अडत नाही. मग लगेच पुढचा प्रश्न येतो, की बी नसलेल्या द्राक्षाला फुलाची गरज काय? तर बी धरतं, पण अगदी लहानपणीच जिरून जातं. मणी फुगवणारं संजीवक एरवी बियांतून मिळतं. ते इथे कमी पडतं, म्हणून आम्ही जीए या संजीवकाच्या द्रावणात घड बुडवतो, त्यालाच डिपिंग म्हणतात.

खरं तर या फुलाचं भवितव्य उन्हाळ्यातच ठरलेलं असतं. एप्रिलमध्ये नव्या काड्यांसाठी खरड छाटणी करतो. तिच्यानंतर जी नवी काडी तयार होते, तिच्या डोळ्यात मे-जूनमध्ये सूक्ष्मघड, म्हणजे घडाचा अगदी इवला अंकुर, धरतो. त्या दिवसांत ऊन नीट मिळालं तर घड. आभाळ भरून राहिलं किंवा पानांची दाटी झाली तर घड जिरतो, त्याची बाळी, म्हणजे वेलाचा नुसता ताणा, होते. म्हणून मेच्या कडक उन्हात आम्ही बागेत फुटवे विरळ करत असतो. नोव्हेंबरात फुलोरा बघून "यंदा माल बरा दिसतोय" म्हणणाऱ्याला तो मे महिना दिसत नाही.

आणि सगळ्यात नाजूक दिवस फुलोऱ्याचेच. फुलोऱ्यात पाऊस झाला की टोप्या ओल्या होऊन घडालाच चिकटून बसतात, मण्यांची गळ होते, घड कुजतात, डाऊनी हा रोग पसरतो. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरातल्या अवकाळीने निफाड, दिंडोरी, चांदवडकडच्या कितीतरी बागा अशाच फुलोऱ्यात गाठल्या. औषधाचे पंप रात्रंदिवस चालले, तरी घड हातातून गेले. त्या वर्षी बागेत जायला पाय उचलत नव्हते.

तेव्हा फूल बघायचं असेल तर नोव्हेंबरात या. छाटण्या पुढेमागे होतात, म्हणून निघण्याआधी फोन करून कुठला प्लॉट फुलोऱ्यात आहे ते विचारा. सकाळी लवकर पोहोचा, त्या दिवशी फवारणी नाही ना याची खात्री करा, आणि घडाला मालकाला विचारूनच हात लावा.