तुम्ही विचारलंत म्हणून: "सर, फुल कधी पळणार?"

अंबाजोगाईत हा प्रश्न मला टपरीवर विचारतात, स्टाफरूममध्ये विचारतात, परवा तर लग्नाच्या पंगतीत बुंदी वाढणाऱ्या पोरानं विचारला. हाफ मॅरेथॉन झाली, आता फुल कधी? एकदाच लिहून टाकतो. फुल पळायची नाही, हाफच पळायचीय.

आता कामून, तर ऐका. लोकांना वाटतं हाफचे 21 किलोमीटर जमले की फुलच्या 42 ला नुसता डबल दम लागतो, तसं नसतं हो. अंगात साठलेलं ग्लायकोजन, म्हणजे पळायला लागणारा साखरेचा साठा, बहुतेकांचं तिसेक किलोमीटरच्या आसपास संपत येतं, मग पाय उचलायचं नावच घेत नाहीत. हाफ त्याच्या आधीच उरकते, म्हणून शेवटपर्यंत दामटून पळता येते. शिवाय फुलच्या तयारीला रविवारी 30-32 किलोमीटरचा लाँग रन, म्हणजे सरावाचं सलग लांब पळणं, मारावा लागतो, माझ्या स्पीडनं साडेतीन तास तरी गेले, आणि आपल्याकडं मार्चमध्ये आठ वाजताच ऊन चावायला लागतं. थंडीत पळावं तर लातूर रोडला उसाचे ट्रॅक्टर, मागं दोन-दोन ट्रॉल्या, ना लाल दिवा ना रेडियम, गाणी मात्र फुल आवाजात (त्या गाण्यांमुळंच जीव वाचतो म्हणा, येतोय ते कळतं तरी). हाफला 16-18 चा लाँग रन पुरतो. पाचला निघालं की सात-सव्वासातला घरी.

पण म्हणून हाफ सोपी समजू नका. पहिले 5 किलोमीटर सगळे सुसाट सुटतात, साठीचे काकापण शेजारून निघून जातात आणि तेव्हा स्वतःला आवरून धरायचं, हे लई अवघड. खरी रेस 15 नंतर. मांड्या भरून येतात, टी-शर्टवर मिठाचे पांढरे पट्टे उठतात, ओआरएसचा घोट पोटात डचमळतो. आणि घड्याळात 21 किलोमीटर पडले तरी शेवटची कमान पुढंच असते, कारण अंतर 21.0975 आहे, ते वरचे 97 मीटर जीव खातात.

आपल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे स्टीपलचेसवाला (अडथळ्यांवरून उड्या मारत पळायची शर्यत) म्हणून सगळ्यांना माहितीय, पण 2020 च्या दिल्ली हाफ मॅरेथॉनमध्ये त्यानं 1 तास 30 सेकंद टायमिंग दिलं, 61 मिनिटांच्या आत आलेला पहिला भारतीय. पहाटे रोडवर पोलीस भरतीची पोरं असतात, त्यांना 1600 मीटर 5 मिनिटं 10 सेकंदात मारले की पैकीच्या पैकी मार्क. त्यांना म्हणलं, अविनाशनं दर 1600 ला साधारण 4:35 लावले, आणि असे न थांबता लागोपाठ तेरा. पोरांनी मोबाईल काढून भागाकार केला, दोनदा केला. आता त्यातले दोघं रविवारी माझ्यासोबत यायचं म्हणतात. मीच नको म्हणलंय, आधी भरती होऊ द्या, नुसतं लांब पळून 1600 चं टायमिंग बसत नसतं.